आडवी गोधडी, उभी गोधडी

पहिल्या वर्षी गोधड्या मागायला घरोघर फिरले, तेव्हा आठवडाभरात हाती आल्या त्या सगळ्या कोऱ्या करकरीत. सॅटिनच्या, मशीनवर शिवलेल्या, मधोमध मोर नाहीतर 'वेलकम' भरलेल्या. एकीने तर प्लास्टिकची पिशवीसुद्धा काढली नव्हती. ती गोधडी मुलीच्या रुखवतात मांडली होती आणि तशीच माळ्यावर गेली होती. मी म्हणायची, "काकू, रोजची दाखवा की." त्यावर सगळ्या घरांत एकच उत्तर, "अगं, ती काय दाखवायची? ती खाली घालायचीय."

तेव्हा मला तो संकोच वाटला. कसलीही वस्तू दाखवायची म्हटली की आपण घरातली सगळ्यात न वापरलेली काढतो. पाहुण्यांचे कप वेगळे असतात तसं. पण सात प्रदर्शनं मांडून झाल्यावर वाटतं, की आमच्या सगळ्या अडचणी त्या 'खाली घालायचीय'मध्येच होत्या. गोधडी ही आडवी वस्तू आहे. ती जमिनीवर पसरून शिवतात, जमिनीवर किंवा बाजेवर अंथरतात, थंडीत तिच्याखाली आडवं होतात. दिवसा घडी करून वलणीवर टाकली तरी ती घडीच असते, सबंध दिसत नाही. अख्खी गोधडी उभी दिसण्याचे प्रसंग दोनच: धुऊन वाळत घातली तेव्हा, आणि कुणी प्रदर्शन मांडलं तेव्हा.

ही पुस्तिका त्या दुसऱ्या प्रसंगाबद्दल आहे. आमच्या मंडळात कुणी कलेचं शिक्षण घेतलेलं नाही. मी शाळेत गणित शिकवत होते. बाकीच्यांत दोघी अंगणवाडीत, एक शिवणकाम करणारी, एक दूध डेअरीच्या हिशेबावर बसणारी. दरवर्षी काय चुकलं ते एका दोनशे पानी वहीत लिहायचं, एवढाच आमचा नियम. शेजारच्या गावांतून ती वही मागून नेणारे वाढले आणि पानं सुटायला लागली, म्हणून हे छापणं. आत मापं आहेत, कागदांचे नमुने आहेत, कुठलं काम किती दिवस आधी करायचं ते आहे. प्रस्तावनेत मला त्यामागचं थोडं सांगायचं आहे.

आधी नावाचं. साताऱ्याच्या बाजूला आम्ही हिला वाकळ म्हणतो. कोल्हापूर ओलांडून बेळगावाकडे निघालं की कवदी ऐकू येतं. पुण्यामुंबईला गोधडी, आणि तान्ह्या बाळाची असली तर दुपटं. गोधडी देणाऱ्यांनी भरायच्या पहिल्या फॉर्मवर आम्ही ऐटीत 'गोधडी' छापलं, तर दोन म्हाताऱ्यांनी "आमच्याकडं गोधडी न्हाई, वाकळ हाय" म्हणून फॉर्म परत पाठवला. आता फॉर्मवर 'तुम्ही हिला काय म्हणता?' असा रकाना आहे आणि पाटीवर तोच शब्द येतो.

करायची रीत सांगायला सोपी आहे. खालचं अस्तर जमिनीवर ताणून पसरायचं, कोपऱ्यांवर वरवंटा, पाट, जे हाताशी असेल ते वजन ठेवायचं. त्यावर जुनी लुगडी, पातळं, धोतरं यांचे थर. विरलेला भाग आत, धड भाग बाहेर. सगळ्यात वर घरातलं त्यातल्या त्यात चांगलं कापड, किंवा तुकडे जोडून केलेला वरचा पदर. मग कडेने धावदोरा. कडेला समांतर एक ओळ, तिच्या आत दुसरी, असं चौकोनात चौकोन घालत मधल्या बिंदूपर्यंत यायचं. शिवणारी गोधडीवरच बसलेली असते आणि टाका आत सरकतो तशी तीही सरकते. सांगायला दोन मिनिटं. करायला उन्हाळ्याच्या कितीतरी दुपारी, त्याही स्वयंपाक, धुणीभांडी आणि जनावरांचं वैरणपाणी उरकून.

टाका हा हस्ताक्षरासारखा असतो. तिसऱ्या वर्षी आलेली एक वाकळ आम्ही सतरंजीवर पसरून मापत होतो. मापपट्टी धरणारी थांबली आणि म्हणाली, "बाई, ही दोघींची आहे." बघितलं तर बाहेरच्या सात-आठ ओळींचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा, एकसारखा, आणि आतला सगळा गव्हाएवढा, कुठे सरळ, कुठे तिरपा. घरी जाऊन विचारलं. सासूने सुरुवात केली होती. मोतीबिंदूने दिसेनासं झालं, म्हणून पुढची सुनेने पुरी केली. त्या दिवशी सूनबाईंना भलतीच काळजी. म्हणाल्या, "माझा टाका जाडाय, ती बाजू भिंतीकडं करा." आम्ही ती बाजू लोकांकडे केली. पण हे कळलं ते वाकळ आडवी असताना आणि आम्ही गुडघ्यांवर टेकलेल्या असताना. भिंतीवर लावल्यावर सहा फुटांवरून तो फरक एकालाही दिसला नाही. शेवटी तिथे एक भिंग दोऱ्याने बांधून ठेवलं.

गोधडी उभी करण्याचा जगातला गाजलेला प्रसंग १९७१चा. न्यू यॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात जोनाथन होल्स्टाइन आणि गेल व्हॅन डर हूफ यांनी जमवलेल्या अमेरिकी गोधड्या आधुनिक चित्रांसारख्या पांढऱ्या भिंतींवर लावल्या गेल्या. लोक चकित झाले. चित्रकारांनी ज्या रंगपट्ट्या आणि भूमितीसाठी नाव कमावलं, त्या खेड्यांतल्या बायकांनी कधीच्या शिवून ठेवल्या होत्या. तिथून गोधडीकडे कला म्हणून बघायला सुरुवात झाली असं मानतात, आणि ते बऱ्यापैकी खरंही आहे. पण पुढे त्या मांडणीवर टीका झाली तीही मला पटते: भिंतीवर रचना तेवढी दिसली, शिवणाऱ्या दिसेनाशा झाल्या.

तीस-एक वर्षांनी तेच पुन्हा, जरा शहाणपणाने घडलं. अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर जीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथले बहुतेक लोक गुलामगिरीत राबलेल्या कृष्णवर्णीयांचे वंशज. बायका शेतात वापरून विटलेल्या पँटी-शर्टांच्या गोधड्या शिवतात. त्या २००२ मध्ये ह्यूस्टनच्या संग्रहालयात लागल्या, तिथून व्हिटनीत गेल्या, आणि २००६ साली अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर आल्या. या वेळी शिवणारीचं नाव प्रत्येक गोधडीबरोबर होतं. तरी २००७ मध्ये त्यांतल्या काही जणींनी पैशांवरून आणि हक्कांवरून कोर्टात दावे लावले. ते पुढे आपसांत मिटले. आमच्या फॉर्मवर फोटोच्या परवानगीचा वेगळा रकाना आणि वेगळी सही आहे. तिचं मूळ या गोष्टीत आहे. गावातल्या गावात कशाला एवढं, असं आम्हालाही पहिल्यांदा ऐकावं लागलं होतं. मग एका वाकळीचा फोटो कुठल्याशा दुकानाच्या दिवाळीच्या जाहिरातीत निघाला आणि ते ऐकवणं बंद झालं.

आणि एक प्रदर्शन असं, की ज्यात गोधडी उभी केलीच नाही. ११ ऑक्टोबर १९८७ रोजी वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर एड्सने गेलेल्या माणसांच्या नावांची गोधडी मांडली गेली. एकेक तुकडा तीन फूट बाय सहा फूट, म्हणजे साधारण कबरीएवढा. त्या दिवशी असे १,९२० तुकडे होते. आठ तुकडे जोडून बारा फुटी चौरस, आणि चौरसांच्या मधून चालायच्या वाटा. पांढऱ्या कपड्यांतले स्वयंसेवक घड्या उलगडत होते आणि नावं वाचली जात होती. लोकांना खाली बघत, मान झुकवून चालावं लागलं. त्याचं छायाचित्र मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा गणिताची बाई म्हणून आधी बारा बाय बारा भागिले अठरा करून पाहिलं. बरोबर आठ आले. मग बाकीचं लक्षात आलं: त्यांनी गोधडीला झोपूच दिलं होतं.

आपल्याकडची अडचण त्याहून साधी आणि वजनाची आहे. पहिल्या वर्षी आम्ही शाळेच्या सभागृहात या खांबापासून त्या खांबापर्यंत दुहेरी सुतळी बांधली आणि प्लास्टिकच्या चिमट्यांनी वाकळी टांगल्या. सुती थरांची वाकळ कोरडी असतानाही तीन-साडेतीन किलो सहज भरते. एका ओळीवर सहा. सकाळी ताठ असलेली सुतळी दुपारपर्यंत झोळी झाली, मधल्या दोन वाकळी फरशीला टेकल्या, आणि साडेचारच्या सुमाराला चिमटे फटाक्यांच्या माळेसारखे तडतड उडाले. माणसांना काही झालं नाही. पण एका इरकली लुगड्याच्या वाकळीला चिमट्यांच्या जागी दोन फाटे गेले. ती जिची होती तिने आम्हाला बोल लावला नाही. तिथेच खाली बसून, पिशवीतून सुईदोरा काढून, उपस्थित मान्यवरांच्या पायांपाशी दोन्ही फाटे शिवून टाकले. मान्यवर चहा घेत होते.

गणित शिकवणारीने हे आधी ओळखायला हवं होतं. तीन किलो वजन चार चिमट्यांवर टाकलं की कापडाच्या चार बोटभर जागांवर ते सगळं येतं. तेच वजन वरच्या अख्ख्या कडेवर पसरलं तर कापडाला कळतही नाही. म्हणून आता नळी. मांजरपाटाची चार इंच रुंद नळी, लांबीला वाकळीपेक्षा दोन इंच कमी, मागच्या बाजूने वरच्या कडेला शिवायची. सुई अस्तर आणि आतला एखादा थर घेऊन परत यायला हवी, दर्शनी बाजूला टाका दिसता कामा नये. नळीतून बांबू, आणि बांबूची दोन टोकं मांडववाल्याच्या लोखंडी खांबांवर. बांबू आधी धुऊन, वाळवून, जुन्या चादरीच्या पट्टीने गुंडाळायचा, नाहीतर त्याची कूस कापडात शिरते आणि ओल असली तर डाग उतरतो. खिळा, स्टेपल, चिकटपट्टी यांतलं काहीही वाकळीजवळ आणायचं नाही. टाचणीसुद्धा नाही. दमट हवेत टाचणी दोन दिवसांत गंजते आणि गंजाचा ठिपका सहजी जात नाही.

नळी मागे शिवायची म्हटलं, पण वाकळीला मागची बाजू कुठली? दोन्हीकडून वापरायची वस्तू ती. वरचा पदर ठिगळांचा असला तर पुढची बाजू ठरते. दोन्हीकडे सबंध लुगडं असलं तर मालकिणीला विचारावं लागतं. आणि वर कुठली बाजू? हे दोन वर्षं आम्ही नक्षी बघून ठरवत होतो. मग एका आजींनी कमरेवर हात ठेवून विचारलं, "माझ्या वाकळीला उलटं का टांगलंय?" त्यांनी बोट दाखवलं तिथे एक पिवळसर, मऊ पडलेला पट्टा होता: डोक्याच्या तेलाचा. ती डोक्याकडची बाजू. आम्ही ती खाली केली होती आणि पायांकडची वर. तेव्हापासून फॉर्मवर 'डोकं कुठल्या बाजूला?' हाही प्रश्न आहे. शहरातून आलेले तो वाचून हसतात. वाकळ वापरलेला माणूस हसत नाही, बोटाने दाखवतो.

कोपऱ्यांबद्दलही एक सांगते. उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या भागांत सिद्दी राहतात; आफ्रिकेतून इकडे आलेल्यांचे वंशज, आणि त्यांच्यातले कितीतरी घरात कोंकणी बोलतात. त्यांच्या बायकाही आपल्यासारख्याच कडेकडून मध्याकडे शिवत येतात. पण चारही कोपऱ्यांवर घड्या घातलेली कापडी त्रिकोणी फुलं लावल्याशिवाय त्यांच्या लेखी गोधडी पुरी होत नाही. फुलं नसलेली गोधडी म्हणजे नागडी. मांडणी करताना कोपरे लोंबतात म्हणून दुमडून मागे ढकलणारे हात मी पुष्कळ पाहिले आहेत, त्यांतला एक माझाही. कोपऱ्यात काय असतं ते आधी विचारावं.

दिवस कुठले निवडावेत यावर वहीत सगळ्यात जास्त खाडाखोड आहे. पाऊस बाद, कारण दमट हवेत बुरशी धरते. थंडी सगळ्यांना आवडते, पण पौषात वाकळ मागायला जाणं म्हणजे घरच्यांना कुडकुडत झोपवणं. घटस्थापनेच्या आधी मात्र घराघरातल्या वाकळी धुतल्या जातात. नदीवर, विहिरीवर, ट्रॉलीत भरून कालव्यावर. सगळी शेतं, दगड, कुंपणं वाकळींनी झाकलेली असतात. आमच्या मते वर्षातलं सगळ्यात मोठं गोधडी-प्रदर्शन तेच, आणि त्याला कुणी फीत कापायला लागत नाही. त्यानंतर लगेच, दसरा आणि दिवाळी यांच्या मधल्या दिवसांत, वाकळी स्वच्छ असतात आणि अजून अंगावर लागत नसतात. सुगीची घाई आणि परतीचा पाऊस सांभाळता आला तर हेच दिवस. नाही जमलं तर होळीनंतर, पण तेव्हा मंगल कार्यालयाचं भाडं लग्नसराईचं.

धुतलेल्या मिळाल्या नाहीत तर आपण धुवायच्या नाहीत. हे मी ठळक लिहून घेतलं आहे. जुन्या लाल कापडाचा रंग केव्हा सुटेल सांगता येत नाही, आणि भिजलेली वाकळ स्वतःच्याच ओझ्याने फाटते. सावलीत, वाऱ्यावर दोन दिवस, शिवणींत ढेकूण-कसर बघून घ्यायची, झालं.

आता नावाकडे येते. माझ्या मते प्रदर्शनाचं खरं काम तिथेच आहे, बांबू-नळ्या हा त्यामानाने सोपा भाग. वाकळ घेताना वहीत नोंद होते आणि त्याच आकड्याची कापडी चिठ्ठी दोन टाक्यांनी अस्तराला लागते. चिठ्ठीवर आकडा पेन्सिलीने. बॉलपेन ओलाव्याने पसरतं. वहीतली एक नोंद जशीच्या तशी देते, फक्त गाव गाळून:

क्र. ३७. वाकळ. पावणेसहा फूट बाय साडेचार. दोन्हीकडून लुगडं, एक बाजू हिरवी, एक किरमिजी. आत धोतर, आणखी काय ते दिसत नाही. शिवणारी: देणारीच्या आईची आई. नाव: विचारून सांगते.

'विचारून सांगते.' पहिल्या वर्षीच्या चौसष्ट नोंदींत हे शब्द एकोणीस वेळा आले. आजीच्या हातची वाकळ घरात आहे, आजी कुठल्या गावची, कितव्या वर्षी विधवा झाली, भाकरी कशी थापायची, सगळं पाठ आहे, पण नाव? ती 'आई' होती, 'आत्तीबाई' होती, अमक्याची आई होती. सदतीस नंबरवालीने तीन फोन केले. मामाला माहीत नव्हतं. शेवटी सातबाऱ्याच्या जुन्या उताऱ्यावर सापडलं. तेही सासरचं, लग्नात बदललेलं. माहेरी काय हाक मारायचे ते सांगणारं कुणी उरलं नव्हतं. म्हणून आमच्या पाटीवर शिवणारीच्या नावाला दोन ओळी असतात, एक माहेरची, एक सासरची. एखादी ओळ रिकामी राहिली तर रिकामीच छापायची. खाली 'सौजन्य' म्हणून वाकळ देणाऱ्याचं नाव येतं, पण बारीक अक्षरात. यावरून पुरुष मंडळी अधूनमधून रुसतात.

वय ठरवायला नाव उपयोगी पडत नाही, कापड पडतं. वाकळ तिच्यातल्या सगळ्यात नव्या कापडाहून जुनी असू शकत नाही, हा साधा नियम. नायलॉन-टेरिलीनचं पातळ निघालं की पणजीची गोष्ट जरा अलीकडे ओढावी लागते. उलटही होतं. एका वाकळीच्या भोकातून आत टाके दिसले. वरच्या ओळींशी न जुळणारे, वेगळ्या दिशेचे. आत दुसरी वाकळ होती. जुनी विरली की तिला फेकत नाहीत, नव्या कापडात भरतात. त्या आतलीच्या कडेला गिरणीचा निळा शिक्का अर्धवट दिसत होता. घरातले एक आजोबा परळच्या गिरणीत होते, म्हणजे ते कापड कुठून आलं ते कळलं. मुंबईच्या गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ला सुरू झाला, आणि त्यानंतर आजोबा गावी आले ते आलेच. वाकळीच्या पोटातलं कापड त्याआधीचं, वरचं त्यानंतरचं. उसवून बघू या का, असं एका उत्साही प्राध्यापकांनी सुचवलं. आम्ही भोकाला पाटी लावली आणि खाली एक स्टूल ठेवलं, म्हणजे वाकून बघता येईल. उसवायचं काही नाही.

उजेडाबद्दल एकच सांगते, बाकी आत आहे. जुन्या कापडासाठी संग्रहालयं पन्नास लक्सच्या आसपास उजेड ठेवतात, आणि भर दुपारचं ऊन लाखाच्या घरात असतं. उडालेला रंग परत येत नाही. सभागृहाच्या पश्चिमेच्या खिडक्यांना मांजरपाटाचे पडदे लावा, प्रदर्शन तीन दिवसांच्या वर नेऊ नका, आणि फोटोवाल्याचा हॅलोजन दाराबाहेर.

जागेच्या आराखड्यासाठी एका फुटाला एक इंच या मापाने कागद कापा आणि वाकळींचे चौकोन त्यावर सरकवत बसा. संध्याकाळी मुलांना बसवलं तर काम लवकर होतं. वाटा सहा फुटांच्या. पंख्यांखाली काही टांगू नका, वाकळी डुलायला लागतात आणि बघणाऱ्याला गरगरतं.

उद्घाटन हा स्वतंत्र विषय आहे आणि त्यावर मी फार बोललं तर गावात राहणं कठीण होईल. समई, नारळ फोडणं, हळदीकुंकू, हार-तुरे हे सगळं व्हायला हवं, व्हायलाच हवं. पण मांडवात, दाराबाहेर. चौथ्या वर्षी पाहुण्याबाईंनी प्रेमाने प्रत्येक वाकळीला हळदीकुंकू लावायला सुरुवात केली. तिसऱ्या वाकळीपाशी आम्ही त्यांना चहाला नेलं. ती तीन बोटं अजून तिथेच आहेत.

बक्षिसं आम्ही देत नाही. दिली होती, दुसऱ्या वर्षी. त्यानंतरच्या वर्षी निम्म्या वाकळी बक्षीस मिळालेल्या वाकळीसारख्या आल्या, तेच रंग, तीच चौकट, आणि टाका मशीनचा. विक्रीही मांडणीच्या जागी नाही. ज्यांना ऑर्डर घ्यायची आहे त्यांचं टेबल बाहेर. "ही केवढ्याला?" हा प्रश्न टांगलेल्या वाकळीसमोर कुणी विचारला की आसपासच्या बायका एकदम गप्प होतात. ती शांतता मला आवडत नाही. मजुरी मात्र मोकळेपणाने बोलली पाहिजे. दारोदार फिरून गोधड्या शिवून देणाऱ्या बायकांना मिळतात ते पैसे आणि शहरातल्या दुकानात हातशिलाईच्या गोधडीवर लागलेली चिठ्ठी यांतलं अंतर आम्ही एका फळ्यावर खडूने लिहून ठेवतो. भाषण कुणी करत नाही.

हात लावू नये, ही पाटी आम्ही लावली आणि काढली. वाकळ बघायची म्हणजे चिमटीत धरून थर मोजायचे, गालाला लावून बघायचं. ते अडवलं तर राहतं काय? पण रोज पाचशे हात एका कडेवर फिरले तर ती कड आठ दिवसांची सोबती. मग असा मार्ग काढला, की ज्या वाकळी अगदी विरलेल्या आहेत त्या टांगायच्याच नाहीत. गावातून सात-आठ बाजा आणायच्या आणि त्यांवर अंथरायच्या, भोवती दोरी. आणि दाराशी एक बाज दोरीशिवाय. तिच्यावरच्या वाकळीला हात लावा, घडी घाला, उलटी करा, बसा.

ती दाराशी ठेवायची वाकळ कुणाची, हा प्रश्न पहिल्याच वर्षी आपोआप सुटला होता. परत करायच्या दिवशी वही आणि ढीग समोरासमोर ठेवून आम्ही एकेक नंबर पुकारत होतो. घेणारी स्वतः उलगडून बघणार, मग सही. चौसष्ट नोंदी झाल्या, चौसष्ट सह्या झाल्या, आणि बाकावर एक वाकळ उरली. तिला चिठ्ठी नव्हती. फॉर्म नव्हता. गडबडीत कुणीतरी आणून ठेवली असणार, आणि आम्ही टांगलीही होती, तेराव्या खांबापाशी. साडेपाच फूट बाय चार, एका बाजूला निळं लुगडं, दुसरीकडे साखरेच्या पोत्याचं पांढरं कापड, टाका ज्वारीएवढा. देवळात फळ्यावर लिहिलं, ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून दोनदा सांगितलं. कुणी आलं नाही. ती शाळेच्या कपाटात आहे. दरवर्षी वाऱ्यावर टाकतो आणि दाराशी बाजेवर घालतो. तिच्या पाटीवर माहेरची ओळ आणि सासरची ओळ, दोन्ही रिकाम्या, आणि शेजारी दोऱ्याला बांधलेली पेन्सिल.

गेल्या वर्षी उद्घाटनाचं भाषण लांबलं, तेव्हा कुणाचा तरी चार-पाच वर्षांचा मुलगा त्या बाजेवर झोपून गेला. वाकळ त्याने स्वतःच ओढून घेतली होती, निळी बाजू आत करून. दार तेच एक होतं. दोनशे माणसं त्याच्या शेजारून, चपला हातात घेऊन, आत गेली.